दाखला नसलेली शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कोकणातल्या घरी एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्या तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आपाचा, शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवलेला असे. इयत्ता सातवी, वर्तणूक चांगली, आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात हेडमास्तरांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द : घरगुती अडचण. खरं तर घरात अडचण काहीच नव्हती. हायस्कूल खाडीपलीकडच्या गावात होतं, आणि वयात आलेल्या मुलीनं रोज होडीनं पलीकडे जावं हे मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना पसंत नव्हतं. अब्बांनी त्यांचं ऐकलं. आपा रडली, दोन दिवस जेवली नाही, आणि मग मुकाट्यानं चुलीपुढे बसली.

त्यानंतर तिची शाळा म्हणजे रेडिओ. भाकऱ्या थापता थापता ती बातम्या ऐके, भाषणं ऐके, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रमसुद्धा सोडत नसे. एखादा शब्द अडला की मला पाठवी. मी तेव्हा पहिलीत होते, मास्तरांना विचारून अर्थ घेऊन येई. पुढे माझी सातवी झाली तेव्हा अब्बांसमोर उभी राहून माझ्यासाठी बोलली ती आपाच. म्हणून मी होडीत बसले, दहावी झाले, बी.ए. झाले, आणि आज या माइकसमोर बसून आपल्याशी बोलते आहे.

हे घरचं पुराण अशासाठी सांगितलं, की आजचा विषय दूरदेशीचा आहे आणि तरी मला तो घरचाच वाटतो. विषय आहे अफगाणिस्तानातल्या मुली आणि त्यांना शिकवण्यासाठी झटणारी स्वयंसेवक माणसं. मात्र एक फरक आधीच सांगायला हवा. आपाला अडवलं ते मोहल्ल्यानं. देशाचा कायदा तिच्या बाजूनं होता. अफगाणिस्तानात आज उलटी गत आहे. तिथं कितीतरी बापांची, भावांची मुलींना शिकवायची तयारी आहे, आणि अडवणारं सरकार आहे. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर तिथल्या स्वयंसेवकांचं काम नेमकं काय आहे हे कळायचं नाही.

आपल्याकडे एक समज आहे, की तो देश कायमच असा. तसं नाही. राजा अमानुल्ला आणि राणी सुरय्या यांच्या काळात, १९२१ साली, काबूलमध्ये मुलींची पहिली शाळा निघाली. १९२८ साली पंधरा मुलींना पुढच्या शिक्षणासाठी तुर्कस्तानात धाडलं गेलं. दुसऱ्याच वर्षी बंड झालं, राजाचं तख्त गेलं, मुलींच्या शाळांना कुलूप लागलं आणि तुर्कस्तानातल्या मुली माघारी बोलावल्या गेल्या. ही पहिली बंदी. काही वर्षांनी शाळा हळूहळू पुन्हा सुरू झाल्या, वाढल्या, आणि सत्तरच्या दशकापर्यंत काबूलमध्ये शिक्षिका, डॉक्टर, विद्यापीठात शिकणाऱ्या मुली हे नेहमीचं दृश्य होतं. मग युद्धं आली. २७ सप्टेंबर १९९६ रोजी तालिबानच्या हाती काबूल गेलं आणि दुसरी बंदी आली. ती २००१ च्या अखेरीस संपली. आताची ही तिसरी.

तिसरी बंदी एका दिवसात आली नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. सप्टेंबरात माध्यमिक शाळा उघडल्या, पण बोलावणं फक्त मुलांना आलं. मुलींना सांगितलं गेलं, थोडं थांबा. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही शाळा उघडणार असं जाहीर झालं. मुली गणवेश घालून, दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसल्या, आणि काही तासांतच त्यांना घरी परत पाठवलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणींचं शिक्षण देणाऱ्या संस्थाही बंद झाल्या. मुलींना शाळेत जाता येतं ते सहावीपर्यंत. युनिसेफनं मार्च २०२५ मध्ये दिलेला आकडा असा, की सहावीपुढच्या शिक्षणाला मुकलेल्या मुली २२ लाख झाल्या आहेत. आणि बंदी २०३० पर्यंत राहिली, तर हा आकडा ४० लाखांच्या वर जाईल.

आता स्वयंसेवकांकडे वळू. त्यांची गोष्ट मागच्या बंदीपासून सुरू होते.

हेरात हे अफगाणिस्तानच्या पश्चिमेचं जुनं शहर. फारसी कवितेचं माहेरघर. पंधराव्या शतकात तिथं गौहरशाद नावाच्या राणीनं मदरसा बांधला होता. विद्येसाठी एका बाईनं बांधलेली वास्तू. त्याच हेरातमध्ये १९९६ नंतर काही बायकांनी ‘सोनेरी सुई’ नावाचा शिवणवर्ग काढला. शिवणकामाला मनाई नव्हती. बायका बुरखा घालून यायच्या, पिशवीत वर कापड आणि कात्री, खाली वही आणि पुस्तक. आत विद्यापीठातले प्राध्यापक त्यांना साहित्य शिकवायचे. दाराबाहेर लहान मुलं खेळत असायची. कुणी पहारेकरी येताना दिसला की एखादं पोर धावत आत येई; प्राध्यापक आतल्या खोलीत, वह्या पिशवीत, आणि सगळ्याजणी माना खाली घालून टाके घालायला लागायच्या.

या वर्गात नादिया अंजुमन नावाची मुलगी यायची. तालिबान गेल्यावर तिनं हेरात विद्यापीठात नाव घातलं, आणि २००५ साली तिचा कवितासंग्रह निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, घरात नवऱ्याच्या मारहाणीनंतर, ऐन पंचविशीत तिचा मृत्यू झाला. मी कविता लिहिते म्हणून नव्हे, बाई आहे म्हणून हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. शाळेचं दार उघडलं म्हणजे सगळी दारं उघडतात असं नाही. पण ते दार उघडलं नसतं, तर नादियाचं नाव आपल्यापर्यंत पोचलंही नसतं.

हेरातच्याच सकीना याकुबी. अमेरिकेत शिकल्या, तिथली नोकरी सोडून पेशावरच्या निर्वासित छावण्यांत शिकवायला आल्या आणि १९९५ साली त्यांनी ‘अफगाण इन्स्टिट्यूट ऑफ लर्निंग’ ही संस्था काढली. बंदीच्या काळात या संस्थेनं ८० घरशाळांना आधार दिला. त्यांत ३,००० मुली शिकत होत्या. या शाळा बाहेरून कुणी लादलेल्या नव्हत्या. वस्तीतली माणसं आधी स्वतः म्हणायची, आम्हाला शाळा हवी. कुणी आपली खोली द्यायचं, कुणी पहाऱ्याची जबाबदारी घ्यायचं. संस्थेचं काम पुस्तकं, शिक्षिकेचा पगार आणि प्रशिक्षण. गुप्त शाळा टिकते ती अशी. एका शिक्षिकेच्या धाडसावर ती चार दिवस चालेल. पाच वर्षं चालायची तर गल्लीतल्या प्रत्येक घरानं तोंड बंद ठेवावं लागतं. भाजीवाल्यानं, मशिदीतल्या मौलवींनी, शेजारच्या म्हातारीनंसुद्धा. म्हणून स्वयंसेवक हा शब्द मी फक्त शिकवणाऱ्यांपुरता वापरत नाही. ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी सांगितलं नाही, ते सगळे त्यात धरते.

काबूलमधल्या अशाच एका घरशाळेत शबाना बसीज-रासिख नावाची चिमुरडी जायची. थोरल्या बहिणीला एकटीनं रस्त्यावर निघता येत नसे, सोबत पुरुष हवा. म्हणून शबानाला मुलाचे कपडे घालून ‘भाऊ’ केलं होतं. दोघी रोज वेगळ्या रस्त्यानं जायच्या, पुस्तकं बाजाराच्या पिशवीत लपवून. बंदी उठल्यावर शबाना उघडपणे शाळेत गेली, परदेशात शिकली, परतली, आणि तिनं काबूलमध्ये मुलींसाठी निवासी शाळा उभी केली.

इथं मला आजच्या विषयाचं मर्म दिसतं. २००१ साली बंदी उठली तेव्हा सरकारी दप्तरी मुलींची संख्या शून्याजवळ होती. पण प्रत्यक्षात पाटी कोरी नव्हती. घराघरांतून शिकलेल्या मुली होत्या, शिकवणं न थांबवलेल्या शिक्षिका होत्या. त्यांच्या आधारावर पुढची वीस वर्षं उभी राहिली. २०१८ पर्यंत प्राथमिक शाळांत २५ लाख मुली होत्या, आणि उच्च शिक्षणातल्या मुलींची संख्या २००१ मधल्या सुमारे ५,००० वरून २०२१ पर्यंत सुमारे एक लाखावर गेली होती. आज चोरून शिकवणाऱ्या बायका बहुतेक याच वीस वर्षांत शिकलेल्या. विस्तवावर राख ओढून ठेवतात ना, सकाळी पुन्हा चूल पेटावी म्हणून, तसं हे काम.

आजचे स्वयंसेवक नेमकं काय करतात? पहिला प्रकार घरशाळांचाच. मुली एकदम येत नाहीत, अंतरा-अंतरानं येतात. वर्ग लहान, वेळ बदलती, जागा बदलती. दुसरा प्रकार पुस्तकं पोचवणाऱ्यांचा. कंदाहारकडच्या मतिउल्ला वेसा यांनी २००९ साली ‘पेन पाथ’ नावाची संस्था काढली. मोटारसायकलवर पुस्तकं लादून ते खेडोपाडी जायचे, गावच्या बुजुर्गांशी बसून बोलायचे, मुलींच्या शाळेसाठी त्यांची संमती मिळवायचे. दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक त्यांनी जोडले. २७ मार्च २०२३ रोजी नमाज पढून मशिदीतून बाहेर पडताना त्यांना पकडण्यात आलं. सात महिन्यांनी, ऑक्टोबरच्या अखेरीस, त्यांची सुटका झाली.

काबूलचे प्राध्यापक इस्माईल मशाल यांचंही नाव घ्यायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं मुलींना बंद झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर सर्वांदेखत त्यांनी आपली पदवीची कागदपत्रं फाडली. माझ्या आईला आणि बहिणीला शिकता येत नसेल तर हे शिक्षण मला मान्य नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग ते हातगाडीवर पुस्तकं ठेवून रस्त्यावर फुकट वाटू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनाही अटक झाली, महिनाभरानं सुटले. ही दोन्ही नावं पुरुषांची आहेत हे मुद्दाम लक्षात आणून देते. मुलींसाठी तुरुंगात जाणारे भाऊ त्या देशात आहेत.

तिसरा प्रकार माझ्या जवळचा, म्हणजे रेडिओचा. ८ मार्च २०२१ रोजी, महिला दिनी, काबूलमध्ये ‘रेडिओ बेगम’ हे बायकांनी बायकांसाठी चालवलेलं केंद्र सुरू झालं. हमीदा अमान या त्याच्या संस्थापक. पाच-सहा महिन्यांत राजवट बदलली, शाळा बंद झाल्या, आणि या केंद्रानं शाळेचे पाठच प्रसारित करायला सुरुवात केली, दरी भाषेत आणि पश्तूत. शिवाय डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ श्रोत्या बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. ८ मार्च २०२४ पासून पॅरिसहून उपग्रहाद्वारे ‘बेगम टीव्ही’ सुरू झाला, त्यावर सातवी ते बारावीचे पाठ दाखवतात. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी काबूलच्या केंद्रावर छापा पडला, प्रसारण थांबवलं गेलं. त्याच महिन्यात ते पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळाली.

रेडिओचं मोल कशात आहे? इंटरनेटवरच्या शाळा पुष्कळ निघाल्या, परदेशातल्या विद्यापीठांनी अफगाण मुलींना फुकट प्रवेश दिले, आणि त्यांचा उपयोगही मोठा आहे. पण त्याला फोन लागतो, वीज लागते, महिन्याचे पैसे लागतात. आणि सरकारनं मनात आणलं तर तो धागा तुटतो. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सुमारे दोन दिवस साऱ्या अफगाणिस्तानातलं इंटरनेट बंद पडलं, तेव्हा हे वर्गही अंधारात गेले. रेडिओ दोन बॅटऱ्यांवर चालतो आणि ऐकणारीचा माग ठेवत नाही. मातीच्या घरात, कणीक मळता मळता एखादी मुलगी भूमिती ऐकत असेल, तर ते कुणाला कळणार? आमच्या आपाचं तरी कुणाला कळलं होतं!

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका मुशायऱ्यानंतर एक अफगाण विद्यार्थिनी मला भेटली. पुण्यात अनेक वर्षं अफगाण मुलं-मुली शिकायला येत आली आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये आधीचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा मायदेशी गेलेले कित्येकजण तिकडेच अडकले. ही मुलगी इथं होती म्हणून इथं राहिली. बोलता बोलता आमचा एक खेळ सुरू झाला. मी मराठी शब्द सांगायचा, तिनं ओळखायचा. कागद, दप्तर, हजेरी, शाई, दौत. ती हसायला लागली. आपल्या शाळेतले हे शब्द फारसी-अरबीतून आलेले, तिच्या दरीतही थोड्याफार फरकानं तेच. आम्ही कोकणात मकतबमध्ये कुराण शिकायला जायचो. तिच्याकडे साध्या शाळेलाच मकतब म्हणतात.

मग म्हणाली, “खालाजान, माझी धाकटी बहीण घरी आहे. सहावी झाली आणि संपलं. मी रोज रात्री तिला फोनवर शिकवते. तिकडे वीज असली तर.” मी विचारलं, काय शिकवतेस? म्हणाली, “गणित आणि इंग्रजी. पण तिला धड्याची एवढी पडलेली नसते. ती वहीच्या पानाचा फोटो पाठवते आणि म्हणते, लाल शाईनं बरोबरची खूण करून परत पाठव. शाळेत बाई करायच्या तशी.” निघताना तिनं हात धरून सांगितलं, माझं नाव कुठं लिहू नका. मी लिहिलेलं नाही.

त्या लाल खुणेपाशी मी बराच काळ अडकले. मुलीला नुसतं ज्ञान नको असतं. कुणीतरी तपासलं पाहिजे, पास म्हटलं पाहिजे, कुठंतरी तिचं नाव नोंदलं पाहिजे. गुप्त शाळा नेमकं हेच देऊ शकत नाही. नाव लिहिलं तर धोका. ऑगस्ट २०२१ मध्ये शबाना बसीज-रासिख यांनी आपल्या शाळेतल्या मुलींच्या नोंदींचे कागद स्वतःच्या हातानं जाळले. मुलींच्या घरच्यांना त्रास होऊ नये, कुणाच्या हाती नावं लागू नयेत, म्हणून. नंतर त्या विद्यार्थिनींसह रवांडाला गेल्या आणि शाळा तिथं सुरू केली. एका संस्थापिकेनं शाळेचं दप्तर जाळावं आणि तेच तिचं कर्तव्य ठरावं, याहून वाईट काळ तो कोणता?

म्हणून स्वयंसेवकांचं कौतुक करताना आपण भाबडं होता कामा नये. रेडिओ ऐकून भूमिती येईल. प्रसूती करता येणार नाही. घरशाळेत प्रयोगशाळा नसते, प्रेताचं विच्छेदन नसतं, रुग्णालयातला अनुभव नसतो. या देशात दर एक लाख जन्मांमागे पाचशेहून अधिक माता दगावतात. अनेक भागांत पुरुष डॉक्टरनं बाईला तपासणं चालत नाही, आणि बाई डॉक्टर, परिचारिका, सुईण घडवायची वाट बंद. आज काम करणाऱ्या डॉक्टरबाई, शिक्षिका एक दिवस थकतील. त्यांच्या जागी यायला कुणी तयार झालेलं नसेल. २०२१ मध्ये जी नववीत होती ती आज पदवीच्या वर्गात असायला हवी होती. ती घरी आहे. मागची बंदी पाच वर्षांत उठली, म्हणून राखेखाली विस्तव सापडला. विस्तव किती वर्षं तग धरतो, हा खरा प्रश्न आहे. स्वयंसेवक वेळ मिळवून देतात. तो वेळ अमर्याद नाही.

शेवटी एक गोष्ट मुसलमान बाई म्हणून बोलते. हे धर्मासाठी चाललं आहे, असं सांगितलं जातं. पण जगात आज मुलींना माध्यमिक शिक्षणाची अशी देशभर बंदी करणारा दुसरा देश नाही, आणि मुस्लिम देश तर पन्नासच्या आसपास आहेत. विद्यापीठबंदी आली तेव्हा कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरीयतविरोधी असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०२५ मध्ये मुस्लिम वर्ल्ड लीगनं इस्लामाबादेत मुलींच्या शिक्षणावर परिषद भरवली. त्याच महिन्यात खुद्द तालिबानचे तेव्हाचे परराष्ट्र उपमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तनिकझई, जे तरुणपणी आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकले होते, त्यांनी जाहीर सभेत सांगितलं, की या बंदीला कसलाही आधार नाही, शाळा उघडा. नंतर ते देशाबाहेर गेले. बंदी उठली नाही. तरी आतून बोललेला एक आवाज म्हणून त्याची नोंद राहिली पाहिजे.

आपण इथून काय करणार, असं आपल्याला वाटेल. मोठं काही नाही. आपल्या शहरात एखादी अफगाण मुलगी शिकत असेल, तर तिला खोली भाड्यानं देताना दहा प्रश्न विचारू नका. तिच्या हातात फोन आणि लाल पेन दिसलं, तर समजा की तिकडे कुठंतरी तिचा वर्ग भरला आहे. आणि तिचं कौतुक म्हणून तिचा फोटो काढून सगळीकडे पाठवू नका.

आपा आता साठीच्या पुढे आहे. मागच्या महिन्यात मी तिला लाल खुणेची ही हकिगत सांगितली. तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. थोड्या वेळानं उठून आत गेली आणि ट्रंकेतला तो दाखला घेऊन आली. घड्या पडून पडून चिरलेला. म्हणाली, “त्या पोरीच्या बहिणीला विचार, सहावीचा दाखला तरी मिळालाय का तिला. मिळाला असेल तर म्हणावं, जपून ठेव. पुढं नाव घालताना लागतो.”